मागच्या दारावरचा परका गंज

१

गुणवंतराव दोनाडकर नागपूरहून डोळ्याचं ऑपरेशन करून आरमोरीला परतले, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांच्या लक्षात आलं की आपल्या गाडीच्या मागच्या डाव्या दाराचा गंज कुणीतरी बदलला आहे.

गाडीचं टायर चोरीला जातं, बॅटरी जाते, नशीब फारच फुटकं असलं तर गाडीच जाते. पण गंज? गंज कोण नेईल, आणि नेलाच तर त्या जागी दुसरा गंज ठेवून कोण जाईल?

गाडी म्हणजे बहात्तर सालची फियाट, फिकट पिस्ता रंगाची. गुणवंतराव एस.टी.च्या वर्कशॉपात मेकॅनिक होते तेव्हा ब्रह्मपुरीच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरकडून त्यांनी ती घेतली. घेतली तेव्हा तिच्या तळातून रस्ता दिसत होता. बत्तीस वर्षं झाली, तिच्याशी त्यांचा संसार चालू होता, आणि त्या संसारात तिसरा होता गंज. सगळीकडे धानाची पाण्यानं भरलेली बांधी आणि चार महिने ओल असलेल्या मुलखात पत्र्याची गाडी ठेवायची म्हणजे गंजाला जागा द्यावीच लागते. गुणवंतराव लोकांना सांगत, "गंज मरत नसते भाऊ. शुगरसारखं आहे ते. रोज इचारपूस करा लागते."

ही विचारपूस ते एका जाड वहीत लिहीत. दर तीन महिन्यांनी प्रत्येक डागावर बटर पेपर ठेवायचा, पेन्सिलीनं कड उतरवायची, तारीख घालून वहीत चिकटवायचा. तिळाएवढा, मसुराएवढा, लाखोळीच्या दाण्याएवढा, अशी मापं शेजारी लिहायची. घरात त्या वहीला गंजवही म्हणत.

त्या सकाळी उजव्या डोळ्यावर पट्टी होती. इंदुताईंनी, त्यांच्या बायकोनं, अंगणात पाय ठेवू नका म्हणून बजावलं होतं. तरी ते शेडमध्ये गेले. आधी पुढचं दार उघडून स्टिअरिंगमागे बसले. आतल्या आरशात त्यांना मागची काच दिसायच्या ऐवजी मागची सीट दिसली. हात लागला असेल, म्हणून त्यांनी आरसा सरळ केला. मग खाली उतरून, सवयीप्रमाणे, एकेका दाराच्या खालच्या कडेवरून बोट फिरवलं. तीन दारं ओळखीची होती. चौथ्यावर बोट थांबलं.

तिथले तीन डाग त्यांना पाठ होते. मधल्या डागाची कड भाजलेल्या पापडासारखी उचललेली होती, बोटाला लागायची. आता ती नव्हती. डाग होता, पण भुकटीसारखा, सपाट.

"इंदू!" त्यांनी हाक मारली. "हे दार आपलं नाई."

इंदुताई पदराला हात पुसत आल्या. त्यांनीच वही आणली, दिवाळीतलं पान काढलं, बटर पेपर डागांवर ठेवला. तिन्ही डाग रेघेला रेघ जुळले.

"पाहा," त्या म्हणाल्या. "तुमच्याच हातचं चित्र आहे. भास होऊन राह्यला तुमाले."

गुणवंतरावांनी पुन्हा बोट फिरवलं. कागद म्हणत होता दार तेच आहे. बोट म्हणत होतं नाही.

२

आठ दिवसांनी, रविवारी, गडचिरोलीहून सुनिल आला. त्यांचा एकुलता मुलगा, तिथल्या शाळेत मास्तर. नागपूरला आठही दिवस तोच वडिलांजवळ होता. दाराची गोष्ट ऐकून त्यानं आईकडे पाहिलं, आईनं खाली पाहिलं.

"बाबा, रागावू नका," तो म्हणाला. "ह्या वयात असं होते कधी कधी. नागपूरले डोक्याचे डॉक्टर आहेत, दाखवून घेऊ एकदा. आणि गाडीचं म्हणाल तर चंद्रपूरचे एक जण जुन्या गाड्या हौसेनं पाळतात. सोमवारी पाहाले येतो म्हणतात. चांगल्या घरी जाईल."

"मले न इचारता?"

"तुमच्यासाठीच ना."

पाणी प्यायला म्हणून गुणवंतरावांनी डावीकडच्या स्टुलाकडे हात नेला आणि पेला खाली पडला. पेला तिथं असल्याचं त्यांना माहीत होतं. हात मात्र त्याच्या बाजूला लागला. सुनिलनं पुन्हा आईकडे पाहिलं.

त्या दिवशी ते दुपारभर बाजेवर पडून होते आणि स्वतःचीच परीक्षा घेत होते. डेपोतल्या पहिल्या बसचा नंबर आठवला. सासऱ्यांच्या बैलांची नावं आठवली. सतराचा पाढा म्हणून पाहिला, तो बिनचूक आला. मग डोकं ठीक असेल तर दार खोटं, आणि दार खरं असेल तर डोकं खोटं. मधली वाटच नव्हती. सगळं घर एका बाजूला होतं आणि दुसऱ्या बाजूला त्यांचं एक बोट.

आणि सगळ्यात गोंधळ घालणारी गोष्ट म्हणजे, असं कुणी करेलच कशाला? दार चोरून तसंच दार लावून देणारा चोर त्यांनी साठ वर्षांत ऐकला नव्हता.

उन्हं कलल्यावर त्यांनी चप्पल घातली, भिंतीला हात लावत लावत पलीकडची गल्ली गाठली आणि ज्योत्स्ना सहारे यांचं दार वाजवलं.

ज्योत्स्नाबाई कॉलेजात रसायन शिकवून निवृत्त झाल्या होत्या. एकदा प्रयोगशाळेतून महत्त्वाचं रजिस्टर गायब झालं, तेव्हा हळदीला साबण लागला की ती लाल होते, एवढ्या गोष्टीवरून त्यांनी रजिस्टर नेणारा हात शोधला होता. तेव्हापासून आरमोरीत कुणाचं काही विचित्र हरवलं की लोक पोलीस ठाण्याच्या आधी त्यांच्याकडे जात.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही हसल्या नाहीत, ह्याचंच गुणवंतरावांना बरं वाटलं.

"मॅडम, एकच सांगा," ते म्हणाले. "मी येडा होऊन राह्यलो का?"

"ते मला कसं ठाऊक, भाऊ," ज्योत्स्नाबाई चष्मा पुसत म्हणाल्या. "पण दार येडं आहे का, ते मी पाहू शकते."

३

सोमवारी चंद्रपूरचा माणूस येणार होता, म्हणजे हातात फक्त रविवारची संध्याकाळ होती. ज्योत्स्नाबाई लगेच निघाल्या.

शेडपाशी त्यांना पहिली भेटली ती बकरी. शेजारच्या वच्छलाबाईची पांढरी बकरी गाडीच्या मागच्या डाव्या दाराला मन लावून चाटत होती. गुणवंतरावांनी काठी उगारली तशी कुंपणापलीकडून वच्छलाबाई ओरडली.

"मारता काऊन तिले? आठ दिवस झाले, खुंटा सोडला की तिथंच येते ते. मीच वैतागली."

"आठ दिवसांच्या आधी येत होती का?" ज्योत्स्नाबाईंनी विचारलं.

"नाई जी. आधी तर इकडं फिरकतच नव्हती."

"गाडीपाशी कुणी आलेलं पाहिलं तुम्ही? भाऊ नागपूरला होते तेव्हा?"

वच्छलाबाईनं तोंड उघडलं, मग दोनाडकरांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे एक नजर टाकली आणि बकरीची दोरी ओढली. "मले काई मालूम नाई, बाई. मी मोहफुलं वेचाले जंगलात असतो सकाळपासून." आणि ती निघून गेली.

मोहफुलं गळायला अजून पंधरा-वीस दिवस अवकाश होता. ज्योत्स्नाबाईंनी ते मनात ठेवलं.

त्यांनी बोट ओलं करून दाराच्या खालच्या डागावर घासलं आणि जिभेला लावलं. मग तसंच उजव्या दारावर केलं. मग वही मागितली.

आतून इंदुताई चहा घेऊन आल्या. "आता तुमी पण का मॅडम, त्यायच्या नादी लागता," त्या कसनुसं हसून म्हणाल्या.

ज्योत्स्नाबाईंनी बटर पेपर आधी उजव्या मागच्या दारावर ठेवला. तिथला गंज दिवाळीतल्या रेघेच्या बाहेर ज्वारीच्या दाण्याएवढा सरकला होता. पुढच्या दोन्ही दारांवरही तसंच. डाव्या मागच्या दारावर कागद ठेवला, रेघेला रेघ.

त्या बराच वेळ तशाच वाकून राहिल्या.

"भाऊ, तुमचं चित्र दिवाळीचं. आता शिवरात्र आली. संक्रांतीला डोळा दुखत होता म्हणून तुम्ही वही भरली नाही, बरोबर?"

"हो."

"मग बाकीचा सगळा गंज चार महिन्यांत वाढला, आणि फक्त ह्या दारावरचा दिवाळीतच थांबला?"

आठ दिवस जे गुणवंतरावांना वेडं ठरवत होतं, ते जुळणंच खोटं होतं.

ज्योत्स्नाबाईंनी दार उघडलं, काचेच्या वरच्या चौकटीतलं रबर नखानं बाजूला केलं. आत जुना, काळपट, पापुद्र्यांचा गंज भरलेला होता. "पाणी दारात खाली साचतं. गंज खालून सुरू होतो. हा वरून खाल्लाय. हे दार कुठंतरी कित्येक पावसाळे उलटं उभं होतं, भाऊ. भंगारात उभं असतं तसं."

मग त्या दोन पावलं मागे सरकल्या. कलत्या उन्हात गाडीची सगळी बाजू उजळली होती. त्यांनी दोन्ही दारांकडे पाहिलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "रंग तरी सारखा दिसतो का हो तुम्हाला?"

गुणवंतरावांनी उघडा डोळा बारीक केला. "रंग सारखाच आहे ना. त्यात काई फरक नाई."

ज्योत्स्नाबाईंनी आणि इंदुताईंनी एकमेकींकडे पाहिलं. ती नजर कसली, ते गुणवंतरावांना काही केल्या उमगेना.

४

मुखरू भोयरचं डेंटिंगचं दुकान वडसा रोडला, पळसाच्या झाडाखाली. उंच, काटकुळा माणूस. फियाटचं पत्र्याचं काम त्याच्याशिवाय कुणाच्या हातात गुणवंतराव देत नसत. त्यांना पाहून मुखरूनं वाकून नमस्कार केला, आणि ज्योत्स्नाबाईंना पाहून वेल्डिंगचा चष्मा डोळ्यांवर ओढला.

"मुखरू, मी नसताना गाडीले हात लावला का तू?"

"नाई भाऊ. तुमाले न इचारता लावन का?"

"मॅडम म्हणतात दार भंगारातलं आहे."

"मॅडम शिकलेल्या आहेत," मुखरू म्हणाला आणि वेल्डिंगची मशाल पेटवली.

निळ्या ज्योतीचा आवाज सुरू झाला की बोलणं बंद, हे त्याचं जुनं तंत्र. पण ज्योत्स्नाबाई त्याच्याकडे पाहतच नव्हत्या. दुकानाच्या मागच्या भिंतीवर मुखरू रंग जुळवून पाहायचा. लाल, निळे, ट्रॅक्टरचे, टिप्परचे फटकारे होते. त्यांच्या खाली, अजून धूळ न बसलेले, पिस्ता रंगाचे सहा पट्टे होते. पहिला फार हिरवा, शेवटचा जवळपास बरोबर. थोडा पिवळा.

त्यांनी गुणवंतरावांचा हात धरून भिंतीवर टेकवला. "हे ताजं आहे. हाताला अजून वास येतो."

गुणवंतरावांनी तळहात नाकाशी नेला. मुखरूनं मशाल विझवली.

"मुखरू," ते म्हणाले, "बावीस वर्षं तू माया गाडीवर हात ठेवला. आठ दिवस मी रात्रीची झोप नाई घेतली. पोरगं मले डोक्याच्या डॉक्टरकडं नेऊन राह्यलं. तू एक शब्द बोलला असता."

मुखरू एक पाऊल पुढे आला. "डोक्याच्या डॉक्टरकडं? हे मले कोणी सांगतलं नाई, भाऊ. आईच्यान."

"कोण सांगणार होतं तुला?" ज्योत्स्नाबाईंनी हळूच विचारलं.

तो खाली बसला. चष्मा काढून पायाशी ठेवला. "दार मी बदललो. डागही मीच बनवलो, मिठाच्या पाण्यात फडकं बुडवून चार दिवस बांधून ठेवलो. पण कोणासाठी ते सांगन नाई. मी शब्द देला आहे. पायजे तर पोलिसात द्या."

"सुनिलनं सांगतलं का?"

"इचारू नका भाऊ." मुखरूनं पायाशी ठेवलेला चष्मा उचलला. "घरी जा. पण रागात जाऊ नका."

५

घरी परतताना गुणवंतराव सुनिलवर धुमसत होते. त्यांना सगळं स्पष्ट दिसत होतं. पोरानं फोनवरून मुखरूला हाताशी धरलं, दार बदलवलं, बापाला खुळा ठरवलं, म्हणजे गाडी विकायला मोकळं. अंगणात पोचताच त्यांनी काठी जमिनीवर आपटली.

"सुनिल! तुनं दार बदलवलं!"

सुनिल गडबडून उठला. "मी? बाबा, मी तर तुमच्या उशाशी होतो नागपूरले!"

"भाऊ, बसा आधी," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "तुम्ही आयुष्यभर इंजिनाचा बिघाड आवाजावरून काढला. हा बिघाड काढायला मी नको. मी फक्त काय काय सापडलं ते सांगते. जोडा तुम्ही."

त्यांनी गंजवही उघडून दिवाळीचं पान त्यांच्या हातात दिलं. "डोळ्यानं नका पाहू. उलट्या बाजूनं बोट फिरवा."

गुणवंतरावांनी बटर पेपर उलटा केला. पेन्सिलीच्या रेघेवरून, तिन्ही डागांच्या कडेनं, सुईची बारीक बारीक छिद्रं होती. पाठीमागून ती बोटाला रव्यासारखी लागत होती. दुसऱ्या कुठल्याच पानावर ती नव्हती.

"रांगोळीचे छापे असे पाडतात," ते पुटपुटले. "सुईनं टोचून, वरून भुकटी घालून."

"मुखरूनं हा छापा हातात आल्यावर मीठ लावलं. छापा त्याला कुणीतरी दिला. वही कुठं असते?"

"आमच्या कपाटात."

"आता सांगा, उजवीकडे बसून चालवणारा माणूस डावीकडे वळताना नेमकं मागचं डावं दार कधी ठोकतो?"

हे तर ते डेपोतल्या नव्या ड्रायव्हरांना शिकवत आले होते. "लवकर वळला की. गाडीचा मागचा भाग आत येतो, हे शिकाऊ माणसाले माहीत नसते. खांबाले घासते." ते थांबले. सुनिल वीस वर्षं गाडी चालवत होता. मुखरू त्याहून जास्त.

मग त्यांना आरसा आठवला. मागची काच दिसायच्या ऐवजी सीट दिसणारा. त्यांच्यासारख्या उंच माणसाला सीट दिसते, म्हणजे आरसा लावणाऱ्याचे डोळे बरेच खाली होते. मुखरू तर त्यांच्याहूनही उंच. सुईचं काम करणारा, कपाटाची किल्ली असलेला, नवशिका, बुटका.

स्वयंपाकघराच्या दारात इंदुताई उभ्या होत्या, पाच फुटांच्याही आतल्या, पदर तोंडाशी धरून.

"इंदू," गुणवंतराव म्हणाले. त्यांना राग यायला हवा होता. पण त्या क्षणी मनात पहिलं आलं ते हेच की मी काढलं, माझं डोकं चालतंय. आणि त्याच्या मागोमाग, आधीपेक्षाही मोठा गोंधळ. "पण तू गाडी काऊन चालवली? तुले तर गाडीचा वासही सहन होत नाई."

६

इंदुताई पायरीवर बसल्या.

"दोन महिन्यांपासून शिकून राह्यली. राईसमिलच्या मैदानात, दुपारी. मुखरू शिकवत होता. तुमी झोपत होते तेव्हा, तो धक्का मारून गाडी बाहेर काढत होता. लायसन काढलं शिकाऊ. तुमी नागपूरले गेले तशी मले वाटलं आता एकटीनं चालवून पाहू. तिसऱ्या दिवशी मिलच्या फाटकाले लागलं. दार असं आत गेलं." त्यांनी तळहाताची खोलगट वाटी करून दाखवली. "मी रडतच मुखरूकडं गेली. तो म्हणला, चंद्रपुराहून तसंच दार आणतो, भाऊले समजणार नाई. मी म्हणली, त्यायले डाग पाठ आहेत. मग म्हटलं डागही करू."

"आणि मी ओळखलं तर मले भास होते म्हणून सांगतलं."

"हो."

"आठ दिवस."

"रोज सकाळी वाटे, आज सांगन. मग सुनिल डोक्याच्या डॉक्टरचं बोलला, अन् माया तोंडाले कुलूपच लागलं. पाप केलं मी. मले माहीत आहे."

"पण शिकाची गरज काय होती तुले?"

इंदुताईंनी सुनिलकडे पाहिलं. सुनिल भिंतीकडे पाहू लागला. ज्योत्स्नाबाईंनी वही बंद केली.

"दसऱ्याले तपासाले गेलो तेव्हा डॉक्टरनं मले बाहेर बोलावलं," इंदुताई म्हणाल्या. "तुमाले आमी मोतीबिंदू सांगतलं. मोतीबिंदू नाई ते. काचबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. बाजूचं दिसणं गेलं आहे, रंगातला बारीक फरकही कळत नाई, आता ते परत येत नाई म्हणाले. हे ऑपरेशन आहे तेवढं टिकवासाठी. गाडीले हात लावू देऊ नका म्हणाले, कधीच. मी म्हणली, हे त्यायले तुमी सांगू नका. मी सांगन. अन् मले सांगता नाई आलं."

कुणीतरी रस्त्यानं सायकल घेऊन गेलं. गुणवंतराव ऐकत होते, आणि ऐकता ऐकता गेल्या सहा महिन्यांचे सगळे सुटे भाग आपापल्या जागी बसत चालले होते. पडलेला पेला. दाराच्या चौकटीला लागणारा खांदा. एस.टी.चा बोर्ड वाचता न येणं. रंग.

"रंग वेगळा आहे का?" त्यांनी ज्योत्स्नाबाईंना विचारलं. "त्या दाराचा?"

"पिवळट आहे, भाऊ. रस्त्यावरूनही दिसतो."

"अन् मले नाई दिसला." त्यांनी मुलाकडे तोंड वळवलं. "तुले माहीत होतं, सुनिल?"

"नागपूरले डॉक्टर बोलले मले. म्हणूनच गाडी... दारात उभी राह्यली तर तुमी बसल्याशिवाय राहणार नाई, अशी भीती वाटली. पण दाराचं खरंच माहीत नव्हतं, बाबा. मले वाटलं डोळ्यासोबत डोकं पण..."

"सगळ्या घराले माहीत होतं. मुखरूले पण माहीत असन. मलेच तेवढं नाई." गुणवंतरावांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि इंदुताईंकडे तोंड केलं. "मले आंधळा म्हटलं असतं तर मी दोन दिवस जेवलो नसतो. येडा म्हटलं, तर मी माया बोटावरही भरवसा ठेवेना. ह्यातलं तुले कोणतं कमी वाईट वाटलं?"

इंदुताई तिथंच बसून रडत राहिल्या, आणि गुणवंतराव त्यांची समजूत घालायला उठले नाहीत. रात्री त्यांनी भाकरी अर्धीच खाल्ली. चंद्रपूरच्या माणसाला फोन मात्र त्यांनी स्वतः लावला. गाडी विकायची नाही, एवढंच सांगितलं आणि ठेवला.

सहा दिवस घरात कामापुरतंच बोलणं झालं. औषधाचे थेंब इंदुताई घालत, ते मान वर करत. सातव्या दिवशी दुपारी त्यांनी किल्ली खिळ्यावरून काढली, अंगणात आले आणि डावीकडचं पुढचं दार उघडून आत बसले. बराच वेळ तसेच बसून राहिले. शेवटी इंदुताई बाहेर आल्या.

"कुठी जायचं आहे?"

"तू सांग. चालवणारी तू आहे."

वडसा रोडपर्यंत ठीक गेलं. बाजाराच्या चौकात मात्र गाडी बंद पडली. एकदा, मग दुसऱ्यांदा. मागे बस थांबून हॉर्न देऊ लागली, पानठेल्यावरची माणसं वळून पाहू लागली.

"तुमी तिकडं तोंड करा," इंदुताई घाबऱ्या आवाजात म्हणाल्या. "तुमी पाह्यलं की माया पायाले कापरं सुटते."

"इकडं तोंड केलं काय अन् तिकडं काय," गुणवंतराव म्हणाले. "मले दिसतेच कुठी?"

इंदुताईंचा हात गिअरवर तसाच राहिला. त्यांनी वळून नवऱ्याकडे पाहिलं. ते समोर पाहत होते, आणि त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. मग इंदुताईंना हसू फुटलं, आधी बारीक, मग आवरेना इतकं. हसता हसता रडूही आलं, आणि मागची बस हॉर्न वाजवतच राहिली.

"किल्ली फिरव," गुणवंतराव म्हणाले. "क्लच हळू सोड. मी आवाज ऐकतो, तू रस्ता पाहा."

इंजिन लागलं. गाडी एक गचका खाऊन पुढे सरकली, चौक मागे पडला, बाजाराचा गलका कमी झाला. गुणवंतराव मान किंचित कलती करून ऐकत बसले. इंजिनाचा सूर चढत गेला, चढत गेला, आणि जिथं तो ताणल्यासारखा झाला तिथं ते म्हणाले, "आता दुसरा."